साहेबांची सर्दी

मास्तरांनी आयुष्यात कुणाला पाढे शिकवले नाहीत, तरी त्या भागात त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. ते गाडी चालवायला शिकवतात. छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी, दोन्ही दारांना पोचे आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक, अशी त्यांची छोटी पांढरी गाडी सकाळपासून गल्लीबोळांतून आचके देत फिरत असते. ती दिसली की कोपऱ्यावरचा फळवाला आपली हातगाडी न सांगता मागे घेतो.

या धंद्याला लागतं ते थंड डोकं मास्तरांकडे आहे. एकदा एका शिकाऊने गाडी थेट दिव्याच्या खांबाला नेऊन टेकवली. मास्तर खाली उतरले, खांब पाहिला, गाडी पाहिली आणि म्हणाले, "खांब आपल्या आधीपासून इथे आहे, एवढं लक्षात ठेवा. चला, रिव्हर्स घेऊ." ते ओरडत नाहीत, कपाळाला हात लावत नाहीत. "घाई नाही," हे त्यांचं पालुपद. निम्मं गाव त्या दोन शब्दांवर गाडी शिकलं.

घरात मात्र हेच थंड डोकं महागात पडायचं. मास्तरांना राग आला की ते गप्प व्हायचे. वहिनींना राग आला की त्याही गप्प व्हायच्या. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. शेजारीपाजारी वहिनी म्हणतात, आपणही तेच म्हणू. ज्या घरात निदान एक माणूस आदळआपट करणारा असतो, तिथली भांडणं दोन दिवसांत मिटतात. इथे एक शेर तर दुसरा सव्वाशेर. रुसलेल्या माणसाला 'काय झालं' म्हणून विचारायचं नाही, राग उतरला की त्याचं तो बोलेल, असा त्या घरचा कायदाच होता. पूर्वी मुलगी घरी होती तेव्हा निरोपानिरोपी तिच्यामार्फत चालायची. "बाबांना सांग, पानं वाढलीत." "आईला सांग, भूक नाही." मग मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि ती जागा रिकामी झाली. ती भरून काढली कासवाने.

कासव मुलीचंच. ती शाळेत असताना आणलं तेव्हा बशीएवढं होतं, आता जेवणाच्या ताटाएवढं झालंय. त्याला घरात साहेब म्हणतात, कारण चाल तशीच आहे: मान पुढे, पावलं जड, आणि वाटेत कुणाची चप्पल आली तर वळसा न घालता ती ढकलून पुढे. दिवसभर साहेबांचा मुक्काम झोपायच्या खोलीमागच्या बंद बाल्कनीत, लाकडी पेटीत, उबेच्या दिव्याखाली. संध्याकाळी स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलाखाली त्यांची फेरी. अबोल्याच्या दिवसांत टेबलावरचं सगळं बोलणं टेबलाखाली बघून व्हायचं.

"साहेब, सांगा त्यांना, गरम पाणी संपलंय."

"साहेब, कळवा, आम्ही गार पाण्याने आंघोळ उरकली आहे."

साहेब दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे आणि कुणाचीही बाजू घ्यायचे नाहीत.

यंदाच्या थंडीतला अबोला मात्र जरा भारी होता. झालं असं, की वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी शिकायचं मनावर घेतलं. मास्तर खूश. दोन-तीन दिवस झकास गेले. मग एका सकाळी मोठ्या चौकात, वहिनी अगदी व्यवस्थित वळत असताना, मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक कच्चकन दाबला. समोरून एक सायकलवाला येत होता, पण तो चांगला लांब होता. मागे बसलेली दुसरी एक शिकाऊ मुलगी खुदकन हसली. वहिनींनी चौकातच दार उघडलं, खाली उतरल्या आणि चालत घरी आल्या. मास्तरांनी गाडी कडेला लावून हाक मारायला हवी होती. त्यांनी विचार केला, घाई नाही. त्या रात्री ते बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपले आणि तिथेच झोपू लागले.

आता नीट लक्ष द्या, कारण घोटाळा इथे झाला. वहिनी बेकरीच्या काउंटरवर काम करतात, उजाडायच्या आत घर सोडतात. त्यामुळे साहेबांचा दिवा सकाळी लावायचा तो मास्तरांनी, ही कित्येक वर्षांची पद्धत. पण बाल्कनीची वाट झोपायच्या खोलीतून जाते. मास्तर आता दिवाणावर. रुसलेल्या बायकोच्या खोलीत आपण कशाला पाय ठेवा? तिचीच बाजू आहे ती, जाताना लावत असेल दिवा. वहिनींना वाटलं, दिवा त्यांचं काम, मी गेल्यावर ते लावत असतील, माझ्यावर राग असला तरी साहेबांवर थोडाच आहे. दुपारी त्या घरी यायच्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. बाल्कनीत जायच्या तोवर ऊन उतरलेलं असायचं, दिवा बंद असायचीच ती वेळ. दोघांनीही विचारलं नाही. साधं "दिवा लावला का?" एवढे तीन शब्द, पण अबोल्यात तेही डोंगराएवढे होतात.

साहेब बाल्कनीत गारठत बसले.

आणि संध्याकाळी टेबलाखाली निरोपानिरोपी जोरात चाललेली. साहेब, यांना सांगा. साहेब, त्यांना विचारा. दोघं मिळून त्या कासवाशी इतकं कधीच बोलले नसतील, आणि त्याच्याकडे बघत मात्र कुणीच नव्हतं. साहेब फेरी मारेनात, आणून ठेवलं तिथेच बसून राहू लागले. मास्तरांना वाटलं, साहेबांनीही अबोला धरला. घरचंच वळण! एकदोनदा त्यांनी साहेबांना मान लांब करून तोंड उघडताना पाहिलं. जांभई असेल. एकदा बारीक शिट्टीसारखा आवाज आला, तो त्यांनी शेजारच्या नळाच्या नावावर खपवला.

अशातच एके दिवशी ग्रंथपालबाईंचा तास होता. या बाई वाचनालयात नोकरीला, वय पन्नाशीपुढे, परीक्षेत दोनदा नापास, आणि सावली आडवी गेली तरी ब्रेक दाबणाऱ्या. निघण्याआधी त्यांना प्यायला पाणी हवं होतं म्हणून त्या मास्तरांबरोबर वर आल्या. वहिनी नुकत्याच कामावरून आलेल्या. आज यायलाच ऊन उतरलेलं, म्हणून साहेबांनाही लगेच आणून ठेवलेलं. त्यांनी पाण्याचा पेला दिला. बाईंनी पाणी पिता पिता टेबलाखाली पाहिलं आणि पेला खाली ठेवला.

"मास्तर, या कासवाला काय झालंय?"

"रुसलंय," मास्तर म्हणाले. "घरात जरा तसंच चाललंय."

"नाकातून फुगे येतायत त्याच्या."

"फुगे?"

"रुसल्यावर फुगे येतात का?" बाई गुडघ्यांवर बसल्या. "आणि डोळे बघा, सुजलेत. आणि हा आवाज कसला?"

मास्तर ओणवे झाले. तिकडून वहिनीही ओणव्या झाल्या. टेबलाखाली दोघांची डोकी बऱ्याच दिवसांनी इतकी जवळ आली होती, पण त्याचं कुणाला भान होतं? साहेब मान लांब काढून, तोंड उघडून हवा ओढत होते. प्रत्येक श्वासाला ती बारीक शिट्टी वाजत होती. नाकपुडीवर एक बुडबुडा फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा. मास्तरांनी पोटाखाली हात घालून उचललं. कवच बाल्कनीतल्या फरशीइतकं गार होतं आणि साहेब हलके लागले. एरवी उचलल्यावर चारी पाय मारून निषेध नोंदवणारे साहेब, त्यांचे पाय नुसते लोंबत होते.

वहिनी बामची बाटली घेऊन धावल्या. "अहो वहिनी, ते काय लावताय त्याला!" बाई ओरडल्या. "आधी कुणालातरी विचारा."

मास्तरांनी कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, आमचे डॉक्टर कासव बघत नाहीत, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टरीणबाई आहेत, पक्षी आणि कासवं बघतात. आत्ता निघा. टॉवेलमध्ये गुंडाळा, गारठ्यात नेऊ नका, आणि घरचा कुठलाही काढा, बाम, तेल काही करू नका.

सगळे जिना उतरले. वहिनी खोकं घेऊन मागे बसल्या, खोक्यात टॉवेल, टॉवेलमध्ये साहेब. ग्रंथपालबाई सवयीने चाकामागे बसल्या. मास्तर सवयीने शेजारी बसले. गाडी सुरू झाली, आचका देऊन रस्त्याला लागली, आणि दोन चौक गेल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं, की आज गाडी त्यांनी चालवायला हवी होती. पण आता थांबून जागा बदलण्यापेक्षा पुढे जाणं बरं.

"बाई, जरा दाबा."

"तुम्हीच म्हणता ना, घाई नाही?"

"आज आहे!"

"तिसरा टाकू?"

"टाका, टाका, चौथा टाका!"

मास्तरांच्या पायाशी ब्रेक होता. वेग वाढवायला काही नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्याची उणीव भासली. उजवा पाय उगाच पायपुसण्यावर दाबला जात होता. मागून वहिनींचा आवाज आला, "साहेब, सांगा त्यांना, हिटर लावायला." मास्तरांनी हिटर लावला. मग पुन्हा, बारीक आवाजात, "साहेब, बोला की काहीतरी." हे वाक्य मास्तरांसाठी नव्हतं. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले, कारण मागे वळून पाहिलं असतं तर रडू आलं असतं. बाईंनी मात्र त्या दिवशी कमाल केली. दोन सिग्नल, एक चढ आणि एक गोल चौक त्यांनी एकदाही गाडी बंद न पाडता पार केले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाह्या सरसावलेल्या, हातावर पोपटाच्या चोचीचे ताजे ओरखडे. त्यांनी साहेबांचं वजन केलं. तोंड हळूच उघडून बॅटरीने आत पाहिलं. पाठीवर ओला फडका ठेवून त्यावरून स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. मग विचारायला लागल्या.

"जेवणं कधीपासून बंद आहे?"

"साहेब जेवतात," मास्तर म्हणाले. "पानं रोज संपलेली असतात."

वहिनी टेबलावरच्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "साहेब, सांगा त्यांना, पानं मी उचलून टाकते. आठवडा झाला, शिवलंसुद्धा नाही तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा कासवाकडे. "आणि तोंड उघडून श्वास?"

"तो मी पाहिला होता," मास्तर म्हणाले. "मला जांभई वाटली."

"मला कुणी सांगितलं नाही," वहिनी साहेबांना म्हणाल्या.

"मलाही पानांचं कुणी सांगितलं नाही," मास्तर साहेबांना म्हणाले.

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरं. दिवा किती वेळ असतो?"

"दिवा हे लावतात."

"दिवा ही लावते."

दोघंही एकदमच बोलले. बाहेरच्या पिंजऱ्यातला कुणाचा तरी पोपट तेवढा शिट्टी घालत होता. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मास्तर पहिल्यांदा साहेबांना सोडून सरळ बायकोकडे बघून म्हणाले, "म्हणजे कुणीच नाही लावला?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. कासवाला स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. गारठ्यात अंगातली सगळी यंत्रणा मंद होते, अन्न पचत नाही, आजाराशी लढायला बळ राहत नाही, मग छातीत कफ धरतो. "माणसासारखं त्याला खोकता येत नाही," त्या म्हणाल्या. "आत साचलं की साचतच जातं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शांत बसलंय."

त्यांनी एक्स-रेचा फोटो काढला. फुप्फुसात डाग होता, पण एकाच बाजूला. अजून थोडे दिवस गेले असते तर त्यांनी हमी दिली नसती, असं त्या म्हणाल्या. आताही हमी नव्हती, पण आशा होती. दिवसभर ऊब, रात्रीसुद्धा गारठा नको, रोज कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच, आणि एक दिवसाआड पुढच्या पायात इंजेक्शन. पहिलं त्यांनी दिलं, पुढची घरी कशी द्यायची ते दाखवलं. "एकट्याने जमणार नाही. एकाने पाय बाहेर काढून धरायचा, एकाने टोचायचं. आणि एकमेकांना सांगत करायचं, नाहीतर सुई तुमच्याच बोटात जाईल. खायला लागला की जिंकलो. चार-पाच दिवसांत नाही खाल्लं तर घेऊन या, नळीने भरवावं लागेल."

येताना गाडी मास्तरांनी चालवली. ग्रंथपालबाई मागे वहिनींच्या शेजारी बसल्या.

घरी गेल्या गेल्या पेटी बाल्कनीतून निघाली आणि बाहेरच्या खोलीत दिवाणाशेजारी आली. दिवा लागला. मास्तरांनी थर्मामीटर टांगला आणि तो उगाच दर थोड्या वेळाने वाचू लागले. वहिनींनी बेकरीत सांगून उशिरा जायची परवानगी घेतली. दुसरं इंजेक्शन घरचं पहिलं. टोचायचं कुणी, यावर वाद झाला, आणि वाद बोलूनच घालावा लागला, कारण साहेब स्वतः पेशंट होते. निरोप कुणाकडे देणार?

"मी टोचते," वहिनी म्हणाल्या. "तुमचे हात थरथरतात."

"माझे हात? मी अख्खं गाव—"

"तुम्ही पाय धरा."

मास्तरांनी पाय धरला. साहेबांनी तो आत ओढला. "निसटला, निसटला." "घट्ट धरा ना!" "दुखेल त्यांना." "अहो, धरा! धरलात?" "धरलाय. थांब, थांब, थांब—" "आता मध्येच ब्रेक दाबू नका," वहिनी म्हणाल्या आणि सुई टोचून मोकळ्याही झाल्या. मास्तरांना हसू आलं, मग वाटलं हसू नये, आणि मग वहिनींच्याच गालावर हसू दिसलं तेव्हा ते दिलखुलास हसले.

कोमट पाण्याचं काम मास्तरांचं. प्लास्टिकच्या घमेल्यात कोपर बुडवून ते पाणी पारखायचे, मग साहेबांना अलगद सोडायचे. तिसऱ्या दिवशी साहेबांनी घमेल्यात कार्यभाग उरकला, तेव्हा मास्तरांनी लॉटरी लागल्यासारखी आरोळी ठोकली आणि वहिनी हातातलं काम टाकून ते बघायला आल्या. फुगे कमी झाले. शिट्टी बारीक झाली. डोळे उघडले. पण खाणं काही नव्हतं. भोपळ्याची पानं झाली, जास्वंदीची फुलं झाली, काकडी झाली, गाजर किसून झालं. साहेब बघायचे आणि तोंड फिरवायचे. मुलीचा फोन आला तेव्हा तिने नेहमीप्रमाणे आधी साहेबांना विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनींनी फोन मास्तरांकडे दिला आणि मास्तरांनी तिला सगळं खरं सांगितलं, दिव्यासकट. मुलगी म्हणाली, "आणि तुम्ही दोघं? बोलताय का?" मास्तर म्हणाले, "बोलतोय. इंजेक्शन द्यायचं असतं."

पाचवा दिवस आला. मास्तरांनी सगळे तास रद्द केले. दवाखान्यात न्यायचं तर दुपारी न्यायचं होतं, आणि नळीने भरवणं त्यांच्याने बघवलं नसतं. सकाळपासून ते पेटीशेजारी फरशीवर मांडी घालून बसले होते, हातात एक पान, ते साहेबांच्या नाकाशी. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायचे. त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, घाई नाही; आज स्वतःला सांगून बघितलं, पटेना. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता, म्हणजे त्यांचंही लक्ष भांड्यांत नव्हतं.

साहेबांनी मान काढली. पानाचा वास घेतला. मान पुन्हा अर्धी आत गेली. मास्तरांनी पान तसंच धरून ठेवलं. मग साहेबांनी तोंड उघडलं, आणि यावेळी हवा ओढायला नाही. पानाची कड धरली, मान मागे झटकली आणि तुकडा तोडला. चावला. गिळला. पुन्हा तोंड उघडलं.

"अगं ए!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. "अगं ये, ये लवकर! खाल्लं! खातायत!"

वहिनी साबणाच्या हातांनीच धावत आल्या आणि फरशीवर मास्तरांच्या शेजारी बसल्या. साहेबांनी पान संपवलं. देठसुद्धा ठेवला नाही. मास्तरांनी दुसरं पान पुढे केलं, तेही सुरू झालं. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला गेल्या तर साबण डोळ्यांत गेला, आणि मग त्या एकदमच रडल्या. मास्तर उठले नाहीत, बाहेर गेले नाहीत, राग किंवा रडू ओसरायची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी आपल्या शर्टाच्या टोकाने बायकोचे डोळे पुसले.

"मला वाटलं होतं, गेले साहेब," ते म्हणाले.

"मलाही वाटलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

दिव्याच्या उजेडात साहेब कचाकचा पान चावत होते. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "यापुढे भांडण झालं तर..."

"होणारच आहे," वहिनी म्हणाल्या. "मी उद्यापासून पुन्हा गाडी शिकणार आहे."

"मग भांडू. पण माझ्याशी भांड. माझ्या तोंडावर, मोठ्याने, चौकात भांड."

"भांडेन की," वहिनी नाक ओढत म्हणाल्या. "आता तिसरं पान द्या त्यांना, असे बघत काय बसलात?"